अपेक्षा आणि संकेत : द्विमान अंकगणितीय विसंकेतकाची घडण

रशियन गणिती आंद्रेई मार्कोव्ह यांनी १९१३ साली पुश्किनच्या 'येवगेनी अनेगिन' या पद्यकादंबरीतील २०,००० अक्षरे घेऊन त्यांतील स्वर आणि व्यंजने यांचा क्रम मोजला. काव्याचा अर्थ त्यांना नको होता; एका अक्षरामागून कोणत्या जातीचे अक्षर येण्याचा संभव किती, एवढेच त्यांना पाहावयाचे होते. पुढे १९४८ साली बेल प्रयोगशाळेतील क्लॉड शॅनन यांनी या दृष्टीला एका सिद्धांताचे रूप दिले. अपेक्षित ते घडले तर कळण्यासारखे थोडे असते, अनपेक्षित घडले तर पुष्कळ. आणि हे थोडे-पुष्कळ बिटांमध्ये मोजता येते. आज आपल्यापर्यंत येणारी बहुतेक चलचित्रे याच तत्त्वाने संक्षिप्त केलेली असतात. ती पुन्हा उलगडणारा जो भाग संगणकाच्या आज्ञावलीत असतो, त्याला विसंकेतक म्हणावयाचे. सी भाषेत तो कसा लिहितात आणि वाचनाविषयी तो आपल्याला काय शिकवतो, याचा विचार येथे करावयाचा आहे. साहित्याच्या अभ्यासकाला हा विषय परका वाटण्याचे कारण नाही, कारण मुळात प्रश्न संहितेचा आणि तिच्या वाचकाचा आहे.

चलचित्रातील प्रत्येक चौकट संपूर्ण पाठविली जात नाही. आधीच्या चौकटीवरून किंवा शेजारच्या तुकड्यांवरून नव्या तुकड्याचा अंदाज बांधतात आणि अंदाज व वास्तव यांतील फरक तेवढा पाठवितात. हा फरक अखेरीस 'होय' किंवा 'नाही' अशा उत्तरांच्या मालिकेत मांडला जातो. या तुकड्यात काही फरक उरला आहे काय? असल्यास तो एकाहून अधिक आहे काय? उत्तरे दोनच, म्हणून ही पद्धती द्विमान होय. परंतु दोन्ही उत्तरांचा संभव क्वचितच सारखा असतो. डेव्हिड हफमन यांनी १९५२ साली सुचविलेल्या पद्धतीत प्रत्येक चिन्हाला किमान एक बिट द्यावाच लागतो; उत्तर जवळजवळ ठाऊक असले तरी त्याचा खर्च कमी होत नाही. अंकगणितीय संकेतनाने ही अडचण दूर केली. १९७६ साली योर्मा रिसानेन आणि रिचर्ड पास्को यांनी स्वतंत्रपणे व्यवहार्य रूपात मांडलेल्या या पद्धतीत एकेका उत्तराला वेगळा संकेत नसतो. उत्तरांची सबंध मालिका मिळून एकच संख्या होते. १९८७ साली विटेन, नील आणि क्लिअरी यांनी सी भाषेतील आज्ञावलीसह ही पद्धती विशद केली आणि ती सर्वांच्या आवाक्यात आली.

उदाहरणासाठी व्हीपी-८ या व्हिडिओ-पद्धतीतील विसंकेतक घेऊ. त्याचे वर्णन आरएफसी ६३८६ या क्रमांकाच्या दस्तऐवजात २०११ साली प्रसिद्ध झाले. विसंकेतक मुख्यतः दोन पूर्णांक सांभाळतो. एकाला 'विस्तार' म्हणू, दुसऱ्याला 'मूल्य'. विस्तार नेहमी १२८ ते २५५ यांच्या दरम्यान ठेवला जातो आणि आरंभी तो २५५ असतो. मूल्यात आरंभी प्रवाहातील पहिल्या दोन बाइट भरल्या जातात. तुलना वरच्या बाइटच्या पातळीवर होते. प्रत्येक प्रश्नाबरोबर एक संभाव्यता दिलेली असते : उत्तर शून्य येण्याचा संभव २५६ पैकी किती.

पहिली पायरी छेद काढण्याची. विस्तारातून एक वजा करावा, त्याला संभाव्यतेने गुणावे, गुणाकाराचे आठ बिट उजवीकडे सरकवावेत, म्हणजेच २५६ ने भागून अपूर्णांक टाकून द्यावा, आणि एक मिळवावा. आधी वजा केलेला आणि मागून मिळविलेला हा 'एक' निरर्थक नाही. त्यामुळे छेदाच्या दोन्ही बाजूंना काही ना काही जागा उरते. एखादे उत्तर कितीही असंभाव्य असो, ते अशक्य मानले जात नाही.

दुसरी पायरी तुलनेची. मूल्य छेदापेक्षा कमी असेल तर उत्तर शून्य, आणि नवा विस्तार म्हणजे तो छेद. अन्यथा उत्तर एक. मग विस्तारातून आणि मूल्यातून छेद वजा करावयाचा.

तिसरी पायरी सारखेपणाची. विस्तार १२८ च्या खाली गेला तर तो पुन्हा त्या मर्यादेत येईपर्यंत विस्तार व मूल्य दोन्ही दुप्पट करीत राहावे. आठ वेळा सरकल्यावर मूल्याच्या रिकाम्या झालेल्या खालच्या जागेत प्रवाहातील पुढची बाइट भरावी.

आकडे घालून पाहू. समजा संभाव्यता १९२ आहे, म्हणजे शून्य येण्याचा संभव चारात तीन; आणि मूल्याची वरची बाइट ९० आहे. विस्तार २५५ असताना छेद १९१ येतो. ९० त्याहून कमी, म्हणून उत्तर शून्य आणि विस्तार १९१. हाच प्रश्न पुन्हा विचारला तर छेद १४३. उत्तर पुन्हा शून्य. तिसऱ्या वेळी छेद १०७. उत्तर शून्यच, पण आता विस्तार १२८ च्या खाली आला म्हणून एकदा दुप्पट करून तो २१४ होतो. तीन उत्तरे मिळाली आणि प्रवाहातील एकच बिट खर्ची पडला. याउलट पहिलीच बाइट २०० असती, तर ती १९१ हून मोठी असल्याने उत्तर एक आले असते, विस्तार ६४ उरला असता आणि तो एकदा दुप्पट करून १२८ झाला असता. येथे एक बिट उघड खर्ची पडला; दुसऱ्याचा खर्च विस्तार जवळजवळ निम्मा झाला या रूपाने नोंदला गेला. अपेक्षाभंगाची किंमत दोन बिट, अपेक्षापूर्तीची अर्ध्याहून कमी. शॅनन यांनी सांगितलेला हिशेब तो हाच.

ही आज्ञावली सी भाषेत लिहिणे वरवर सोपे आहे. दहा-पंधरा ओळींत मुख्य काम भागते. तरीही काही पथ्ये पाळावी लागतात. सर्व चल चिन्हरहित पूर्णांक असावेत, कारण सी भाषेत चिन्हयुक्त संख्या मर्यादेबाहेर गेली तर पुढे काय व्हावे याची शाश्वती भाषा देत नाही. दशांश अपूर्णांकांचा मोह टाळावा. त्यांची गोळाबेरीज सर्व यंत्रांवर एकसारखी होईल असा भरवसा नसतो. प्रत्येक बाइट घेण्यापूर्वी प्रवाह संपला नाही ना, हे तपासावे. हा प्रवाह परक्या हातून आलेला असतो, आणि ही तपासणी गाळली तर आज्ञावली स्मृतीतील भलत्याच जागा वाचू लागते.

ही पथ्ये इतकी कडक का, याचे उत्तर या पद्धतीच्या स्वभावात आहे. आपल्या जुन्या पोथ्यांत लेखनिकाच्या हातून अक्षर चुकले तर संपादक ते पुष्कळदा सुधारू शकतो. ज्ञानेश्वरीच्या ओवीत पहिल्या तीन चरणांच्या अंती यमक असते; त्यांतील एक अक्षर बिघडले तर उरलेले दोन चरण त्याची साक्ष देतात. अर्थ, व्याकरण, अन्य प्रती हेही साहाय्याला येतात. भाषेत जे अधिकचे भासते, त्याच्याच बळावर पाठशुद्धी शक्य होते. अंकगणितीय संकेतनाचे ध्येय नेमके हे अधिकचे काढून टाकण्याचे आहे. जे अनुमानाने कळू शकते ते लिहावयाचेच नाही, असा त्याचा नियम. त्यामुळे मध्येच एक बिट उलटला तर त्यापुढची तुलना चुकते, विस्तार चुकतो, पुढच्या प्रश्नाचा संदर्भ चुकतो. आणि पुढील उत्तरे बाहेरून सुसंगत दिसली तरी ती वेगळ्याच चित्राची असतात. विसंकेतकाला आपण चुकलो हे कळतही नाही. म्हणून प्रवाहात ठराविक अंतराने नवा आरंभ करण्याच्या जागा ठेवतात. २००३ साली मान्य झालेल्या एच.२६४ या मानकात याच जातीची, परंतु प्रत्येक उत्तरागणिक संभाव्यता बदलत नेणारी पद्धती आहे. तेथे चौकटीच्या प्रत्येक स्वतंत्र खंडाच्या प्रारंभी सर्व अपेक्षा पुन्हा मूळपदावर आणल्या जातात.

यावरून असे म्हणता येईल, की विसंकेतक रूढ अर्थाने चिन्हे वाचीत नाही. लिहिणाऱ्याने प्रत्येक क्षणी जी अपेक्षा धरली होती तीच तो पुन्हा धरतो, आणि प्रवाह केवळ ती कोठे खरी ठरली व कोठे खोटी, एवढेच सांगतो. अपेक्षा तिळमात्र वेगळी झाली तर संहिता नाहीशी होते. व्हीपी-८ च्या दस्तऐवजाने या गोष्टीचा स्पष्ट स्वीकार केला आहे : गद्य वर्णन आणि सोबतची मूळ आज्ञावली यांत विरोध आढळल्यास आज्ञावली प्रमाण मानावी, असे त्यात नमूद आहे. भाष्य आणि मूळ यांतील अधिकाराचा वाद आपल्या परंपरेला नवा नाही. येथे तो मुळाच्या बाजूने आधीच निकालात निघाला आहे, आणि ते मूळ सी भाषेत आहे.

याचा व्यावहारिक अर्थ लहान नाही. एखाद्या कीर्तनाचे किंवा दशावतारी प्रयोगाचे चित्रण संस्थेच्या संग्रहात जपून ठेवले, तरी जपले जाते ते केवळ उत्तरांचे टिपण. प्रश्न विसंकेतकापाशी असतात. पोथीची लिपी विस्मृतीत गेली तरी अक्षरांच्या पुनरावृत्तीवरून ती उलगडण्याची आशा उरते. येथे पुनरावृत्तीच पुसून टाकलेली असल्याने तीही आशा फारशी उरत नाही. म्हणून चित्रणांच्या संग्रहाबरोबर त्यांच्या पद्धतीचे मानक आणि माणसाला वाचता येईल अशा रीतीने लिहिलेली विसंकेतकाची आज्ञावली ही दोन्ही जतन करणे, हे ग्रंथपाल आणि संग्रहपालांचे कर्तव्य ठरते. काही ओळींची ती आज्ञावली टिकली नाही, तर संग्रहातील फिती आणि तबकड्या सुरक्षित राहतील, पण त्यांत काय आहे हे सांगणारा कोणी असणार नाही.