धर्मसुधारणेचा धडा : विटेनबर्गपासून धारपर्यंत

इतिहासाच्या अभ्यासात युरोपातील धर्मसुधारणेचे प्रकरण येते. विद्यार्थी ते बहुधा टिपणांच्या आधारे पार पाडतात. ल्यूथर जर्मनीचा, कॅल्व्हिन जिनीव्हाचा, ट्रेंटची धर्मसभा १५४५ ते १५६३, एवढे पाठ झाले की काम भागले. परीक्षा संपताच ही नावे ज्या वाटेने आली त्याच वाटेने निघून जातात. “पाचशे वर्षांपूर्वी जर्मनीत भांडण झाले, त्याचे आम्हांस काय?” असे धार-देवासच्या मुलांनी विचारले, तर त्यांस दोष देता येत नाही. घरची वडील मंडळी कधी कधी निराळीच शंका काढतात. परधर्माचा इतिहास मुलांच्या गळी उतरविण्यात काही अंतस्थ हेतू तर नाही ना, अशी ती शंका असते. दोन्ही प्रश्न रास्त आहेत, आणि आमच्या मते दोहोंचे उत्तर एकच आहे. हा धडा जर्मनीत सुरू करावा, परंतु तो आपल्या गावाच्या वेशीपर्यंत आणून पोहोचवावा. मग त्याचा संबंधही दिसतो आणि त्यात गुप्त असे काही उरतही नाही.

मूळ हकिकत थोडक्यात अशी. सोळाव्या शतकाच्या आरंभी पश्चिम युरोपात रोमच्या पोपच्या अधिकाराखाली एकच ख्रिस्ती धर्मसंस्था होती. धर्मग्रंथ लॅटिन, उपासनाही लॅटिन, आणि लॅटिन जाणणारे थोडे. इंग्लंडात विक्लिफने व बोहेमियात यान हुसने या व्यवस्थेवर पूर्वीच आक्षेप घेतले होते. हुसला १४१५ साली जिवंत जाळण्यात आले. पुढे क्षमापत्रांचा वाद निघाला. येथे विद्यार्थ्यांचा हटकून एक गैरसमज होतो. क्षमापत्र म्हणजे पैसे देऊन पाप धुऊन घेण्याचा परवाना, असे ते लिहितात. धर्मसंस्थेची शिकवण तशी नव्हती. पापाची क्षमा पश्चात्तापाने व पापनिवेदनाने मिळे. त्यानंतरही जी शिक्षा भोगावयाची उरे, तिच्यात सूट देणारे ते पत्र होते. मात्र रोममधील सेंट पीटरच्या मंदिरासाठी निधी हवा होता, जर्मनीतील आर्चबिशप आल्ब्रेख्ट यास सावकारांचे देणे फेडावयाचे होते, आणि पत्रे विकीत हिंडणाऱ्यांनी बाजारात हा सूक्ष्म भेद शिल्लक ठेवला नाही.

विटेनबर्गच्या विद्यापीठात शिकविणारा संन्यासी मार्टिन ल्यूथर याने ३१ ऑक्टोबर १५१७ रोजी याविरुद्ध ९५ विधाने मांडली. ती त्याने आर्चबिशपाकडे पाठविली हे निश्चित आहे. देवळाच्या दारावर खिळ्यांनी ठोकल्याचे जे चित्र पुष्कळ पुस्तकांत असते, त्याविषयी मात्र इतिहासकारांत मतभेद आहेत. १५२१ साली वर्म्सच्या सभेत सम्राटासमोर त्याने आपले म्हणणे मागे घेण्याचे नाकारले, आणि पुढे वार्टबर्गच्या किल्ल्यात लपून राहिला असता ‘नवा करार’ जर्मन भाषेत उतरविला. तो १५२२ साली छापून निघाला. आम्हांस विचाराल तर ९५ विधानांपेक्षा ही घटना मोठी होय. छापखाना नुकता कोठे सात दशकांचा झाला होता. त्याच्या बळावर शिंपी-चांभारांच्या घरी ग्रंथ जाऊन पोहोचला.

हे ऐकून मराठी मुलाला एकनाथ महाराज आठवावेत. भागवताच्या एकादश स्कंधावरील त्यांची मराठी टीका १५७३ साली काशीस पूर्ण झाली. प्राकृतात हा ग्रंथ आणला म्हणून तेथील पंडितांनी आधी आक्षेप घेतला व मागाहून ग्रंथाचा गौरव केला, असे परंपरा सांगते. न्यायमूर्ती रानडे यांनी १९०० साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या मराठ्यांच्या इतिहासावरील ग्रंथात महाराष्ट्रातील संतांची चळवळ आणि युरोपातील धर्मसुधारणा यांची तुलना केली आहे. ती वर्गात अवश्य सांगावी, परंतु तिची मर्यादाही दाखवावी. पंढरीच्या वाटेवर कोणा राजाचे सैन्य चालले नाही. जर्मनीत राजेरजवाडे या वादात उतरले, काहींचा डोळा मठांच्या जमिनीवर होता, आणि धर्माचा वाद पाहता पाहता राज्याचा वाद झाला.

यापुढचे पान रक्ताने भरलेले आहे, आणि शिक्षकाने ते घाईने उलटू नये. १५२५ साली जर्मन शेतकऱ्यांनी धर्मग्रंथाचाच आधार घेऊन वेठबिगारीतून सुटका मागितली, तेव्हा त्यांना चिरडून टाकण्याचा सल्ला ल्यूथरने राजांना दिला. हजारो शेतकरी मारले गेले. १५५३ साली कॅल्व्हिनच्या जिनीव्हात सर्व्हेटस नावाच्या विद्वानाला पाखंडी ठरवून जाळण्यात आले. १५७२ साली फ्रान्समध्ये कॅथलिकांनी प्रोटेस्टंटांची कत्तल केली. एका बाजूचे अपराध मोठ्याने व दुसऱ्या बाजूचे हळू आवाजात सांगितले, तर मुलांच्या ते तत्काळ ध्यानात येते.

आता धारकडे वळू. कॅल्व्हिनचा शिष्य जॉन नॉक्स याने हे मत स्कॉटलंडात नेले आणि १५६० साली तेथील पार्लमेंटने ते स्वीकारले. या पंथास प्रेसबिटेरियन म्हणतात. ग्रीक भाषेत ‘प्रेस्बिटेरोस’ म्हणजे वडीलधारा मनुष्य. या पंथात बिशप नाही. मंडळीतून निवडलेले वडील आणि धर्मोपदेशक एकत्र बसून कारभार पाहतात. माळव्यातील खेड्यात पंच बसलेले ज्यांनी पाहिले आहेत, त्या मुलांस ही व्यवस्था समजावून सांगण्यास दोन मिनिटेही लागत नाहीत. ग्रंथ प्रत्येकाने वाचावयाचा तर प्रत्येकास अक्षरे आली पाहिजेत, म्हणून नॉक्स व त्याच्या सहकाऱ्यांनी गावोगाव शाळा असाव्यात अशी योजना आखली होती. ती पूर्णपणे अमलात येण्यास फार काळ लागला, परंतु शाळा हा या पंथाचा स्वभाव बनला. स्कॉटलंडातून बाहेर पडलेल्या कुटुंबांबरोबर तो कॅनडात गेला, आणि कॅनडातील प्रेसबिटेरियन मिशनरी १८७७ साली इंदूर व महू येथे आले. पुढे इंदुरास त्यांचे महाविद्यालय निघाले.

धारला हे मिशन १८९५ साली आले ते औषधाची पेटी घेऊन. डॉ. मार्गारेट ओहारा या कॅनडातील क्वीन्स विद्यापीठाच्या वैद्यकीय पदवीधर. १८९१ साली पदवी घेऊन त्या त्याच वर्षी हिंदुस्थानात आल्या आणि धार येथे त्यांनी स्त्रियांसाठी रुग्णालय चालविले. पुरुष डॉक्टरापुढे नाडी दाखविण्यासही घरंदाज स्त्रिया त्या काळी तयार नसत. आजार अंगावर काढीत किंवा त्यातच जात. अशा ठिकाणी स्त्री-डॉक्टर येणे म्हणजे काय, हे धारच्या जुन्या घरांतील आज्या-पणज्यांनी जाणले असेल. सुमारे तीन तपे डॉक्टरीणबाईंनी या देशात काम केले. या रुग्णालयामागे धर्मप्रसाराचा हेतू होता काय? होता, मिशनने तो कधी लपविला नाही, आणि आपणही तो लपविण्याचे कारण नाही. हेतू एक व उपकार दुसरा, असे दोन्ही सांगितले म्हणजे इतिहास पुरा होतो. आणखी एक गोष्ट आम्ही मुलींना मुद्दाम सांगतो. ज्या पंथाने ग्रंथ सर्वांसाठी खुला केला, त्याच पंथात त्या काळी स्त्रीला धर्मोपदेशकाची दीक्षा मिळत नसे. सात समुद्रांपलीकडे शस्त्रक्रिया करण्यास तिला मुभा होती, स्वतःच्या गावी व्यासपीठावर उभे राहण्यास नव्हती. सुधारणेलाही अशी पुढची सुधारणा लागते.

या भागातील प्रेसबिटेरियन मंडळ्या पुढे एका संयुक्त चर्चमध्ये गेल्या, आणि १९७० साली नागपूर येथे उत्तर भारताचे चर्च स्थापन झाले तेव्हा ते संयुक्त चर्च त्यात विलीन झाले. या नव्या चर्चमध्ये बिशपही आहेत. नॉक्सला हे कितपत रुचले असते, याचा विचार चौकस विद्यार्थ्याने करावा!

देवासचा धागा बारीक आहे, पण गमतीचा आहे. इंग्लंडच्या राजमान्य चर्चमध्येच राहून त्यात प्राण ओतू पाहणारी काही मंडळी अठराव्या शतकाच्या अखेरीस लंडनजवळील क्लॅपम गावी जमली होती. विल्बरफोर्स हे त्यांचे पुढारी. १८०७ साली ब्रिटिश साम्राज्यातील गुलामांचा व्यापार कायद्याने बंद झाला तो मुख्यतः यांच्या खटपटीने. १८१३ साली कंपनीच्या सनदेत मिशनऱ्यांस हिंदुस्थानात येण्याची वाट मोकळी करून देणारे कलमही यांनीच घालविले. या मंडळीतील एक पेढीवाले हेन्री थॉर्नटन. त्यांचे पणतू म्हणजे कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टर. हे १९२१ साली देवासच्या थोरल्या पातीचे महाराज तुकोजीराव पवार यांचे खाजगी कारभारी म्हणून येऊन राहिले, आणि राजवाड्यातील गोकुळाष्टमीच्या उत्सवात अनवाणी उभे राहिले. तो उत्सव त्यांच्या कादंबरीत उतरला, आणि देवासच्या देवीच्या टेकडीचे नाव त्यांनी १९५३ साली एका पुस्तकास दिले. पणजोबांनी ज्या देशाचे दार धर्मोपदेशासाठी उघडविले, त्या देशात पणतू श्रोता होऊन बसला.

आमची घरची बोली कोंकणी, त्यामुळे या इतिहासाची दुसरी बाजू सांगितल्यावाचून आम्हांस राहवत नाही. ल्यूथरनंतर कॅथलिक चर्चनेही आपले घर झाडून काढले. ट्रेंटच्या सभेने शिस्त घालून दिली. येशूसंघाचे शिकलेले धर्मगुरू देशोदेशी निघाले. इंग्लंडात प्रोटेस्टंट राजवट आली होती, म्हणून थॉमस स्टीफन्स नावाचा एक कॅथलिक तरुण मायदेश सोडून रोमला जाऊन या संघात शिरला आणि १५७९ साली गोव्यास पोहोचला. १६१६ साली साष्टीतील राचोल येथे त्याचे ‘ख्रिस्तपुराण’ छापले गेले. त्यात सुमारे अकरा हजार ओव्या आहेत, भाषा मराठी आहे आणि घाट आपल्या पुराणांचा आहे. देवनागरी खिळे उपलब्ध नव्हते, म्हणून ती मराठी रोमन लिपीत छापावी लागली. कोंकणीचे व्याकरणही त्याने लिहिले. ते त्याच्या मृत्यूनंतर १६४० साली छापले गेले, आणि भारतीय भाषेचे छापून निघालेले ते पहिले व्याकरण मानतात. ल्यूथरचे विरोधकही अखेर लोकांच्या भाषेपाशीच आले होते, असे म्हणावे लागते.

परंतु त्याच गोव्यात धर्मन्यायालय १५६० पासून बसले होते, आणि २७ जून १६८४ रोजी पोर्तुगीज व्हाइसरॉयने फर्मान काढले की लोकांनी तीन वर्षांच्या आत कोंकणी सोडून पोर्तुगीज बोलावी. कोंकणी घरांतून, शेतांतून व मासळीबाजारातून बोलली जातच राहिली. १९६२ ते १९६५ या काळात भरलेल्या दुसऱ्या व्हॅटिकन धर्मसभेने उपासनेत लोकभाषेस मुभा दिली, म्हणजे विटेनबर्गची एक मागणी रोममध्ये मान्य होण्यास साडेचारशे वर्षे लागली. त्यानंतर गोव्यातील चर्चमधून मिस्साविधी कोंकणीत होऊ लागला.