पश्चिमेची भिंत

पेठला पाऊस सरळ कोसळत नाही. तो पश्चिमेकडून तिरका येतो आणि आमच्या घराची एकच भिंत चार महिने झोडपून काढतो. वर्षाला सरासरी २,००० मिलीमीटरच्या आसपास. घाट ओलांडून नाशिकला गेलं की याच्या निम्म्याहूनही कमी. आजूबाजूला कारवीच्या कुडाची घरं होती, तेव्हा वडिलांनी हे विटांचं घर बांधलं. जोडकाम चुन्यात, बाहेरून गिलावा नाही. विटांमधल्या सांध्यांना आमच्याकडचे गवंडी दरजा म्हणतात.

तीसेक वर्षांपूर्वी पश्चिमेच्या भिंतीच्या दरजा झिजल्या. मी शाळेत नोकरीला, घाईत. एकाला काम दिलं. त्याने १ भाग सिमेंट, ३ भाग वाळू असा कडक माल भरला. काळ्या रेघा ओढल्यासारखी भिंत सुंदर दिसत होती. पाच-सहा पावसाळ्यांत मात्र विटांचे पापुद्रे सुटू लागले. विटा आत गेल्या आणि सिमेंटच्या दरजा जाळीसारख्या बाहेर उभ्या राहिल्या. पायथ्याशी रोज सकाळी लाल भुगा झाडायचे, तेव्हा पोटात कालवायचं.

कारण मला एका म्हाताऱ्या गवंडीकाकांनी समजावलं. भिंतीवर ओरखडा काढून ते म्हणाले, "बाई, दरज विटेपेक्षा मऊ पाहिजे. झिजायचं ते दरजेनं. दरज पुन्हा भरता येते, वीट कुठून आणणार?" भिंत पावसात पाणी पिते आणि उन्हात ते बाहेर सोडते. चुन्याच्या दरजेतून ओल सहज निघते. घट्ट सिमेंटने ती वाट बुजली की पाणी विटेतूनच बाहेर पडतं, सोबत क्षार आणतं. ते क्षार पृष्ठभागाजवळ साचून फुगतात आणि विटेचं तोंड फोडतात. भिंतीवर पांढरी भुकटी दिसते, तो हाच लोणा. त्यावर रंग मारणं म्हणजे ओल आत कोंडणं.

म्हणून आधी खिळ्याने दरज खरवडून पाहावी. मऊ, पांढरट भुगा पडला तर बहुधा चुना. मग १ भाग मुरवलेला चुना आणि ३ भाग चाळलेली नदीची वाळू. जुनं जोडकाम सिमेंटचं असेल तरी निव्वळ सिमेंट नको. १ भाग सिमेंट, १ चुना, ६ वाळू पुरे. समुद्राची वाळू कधीच नको, तिच्यात मीठ असतं.

काम दिवाळीनंतर, ऊन सौम्य झाल्यावर काढावं. दरज साधारण १० मिलीमीटर उंच असते. तिच्या दुप्पट, म्हणजे २० मिलीमीटर खोल कोरावी. छिन्नी-हातोडीनेच. यंत्राच्या पात्याने काम भराभर होतं, पण विटांच्या कडा जातात. मग ब्रशने धूळ काढून पाणी मारायचं. वीट ओली हवी, पाणी ओघळता कामा नये. माल इतका घट्ट की मुठीत गोळा वळावा. तो एकदम कोंबायचा नाही, थराथराने दाबून भरायचा. शेवटी सळईच्या गोलाव्याने किंचित आत दाबायचा, म्हणजे पाणी टेकायला कड राहत नाही. वर आठवडाभर तरी ओलं गोणपाट. चुना घाईने सुकला तर भुसभुशीत होतो. तो हवेतला कार्बन डायऑक्साइड घेत सावकाश कडक होतो. चुना हाताळताना हातमोजे आणि चष्मा घालावाच, डोळ्यात गेला तर डोळा जायची भीती.

दोन गोष्टी मात्र दरजा भरून सुटत नाहीत. कौलांच्या पागोळ्यांचं पाणी भिंतीच्या पायथ्यावर उडत असेल तर आधी पन्हळ लावावी. आणि चीर पायऱ्यांसारखी तिरकी चढत असेल तर पाया खचत असण्याची शक्यता असते. तिथे गवंडी नव्हे, इंजिनिअर बोलवावा. भिंतीत उगवलेलं पिंपळाचं रोप तर दोन पानांचं असतानाच उपटावं.

जुनं सिमेंट आम्ही तीन हिवाळे कोरत आहोत. मोरीजवळचे सहा थर उरले आहेत. त्यांच्यासाठी चुना परसात पिंपात मुरत ठेवला आहे.