लॅपटॉप कूलिंग स्टँडचा प्रोजेक्ट करताय? पंखे विकत घेण्याआधी हवेचा रस्ता शोधा

डिप्लोमा किंवा इंजिनीअरिंगच्या प्रोजेक्टची यादी निघाली की त्यात 'लॅपटॉप कूलिंग पॅड' हमखास असतो. खर्च कमी, सामान सहज मिळणारं, आणि गरज तर प्रत्येकालाच. पण यातले बरेच प्रोजेक्ट एकाच साच्यातले असतात: अ‍ॅक्रिलिकची शीट, खाली चार पंखे, निळ्या एलईडी आणि रिपोर्टमध्ये एक वाक्य, 'तापमान कमी झाले'. किती कमी झालं, कशाच्या तुलनेत, आणि त्याने लॅपटॉपला फायदा काय झाला, असं एक्स्टर्नलने विचारलं की गाडी अडते.

या लेखात मी हाच प्रोजेक्ट नीट कसा करायचा ते सांगणार आहे. एक गोष्ट आधीच लक्षात घ्या: तुमचा स्टँड प्रोसेसर थंड करत नाही. ते काम लॅपटॉपच्या आतला पंखाच करतो. त्या पंख्याला थंड आणि भरपूर हवा मिळवून देणं, एवढंच स्टँडचं काम आहे. हे पटलं की डिझाइनचे अर्धे निर्णय आपोआप होतात.

## लॅपटॉप तापतो म्हणजे नक्की काय होतं?

प्रोसेसर आणि ग्राफिक्स चिपला मिळालेल्या विजेची जवळजवळ सगळी शेवटी उष्णताच होते. ही उष्णता तांब्याच्या चपट्या नळीतून, म्हणजे हीट पाइपमधून, पातळ पात्यांच्या हीटसिंकपर्यंत जाते. आतला पंखा बहुतेक लॅपटॉपमध्ये खालच्या जाळीतून हवा ओढतो आणि हीटसिंकमधून मागे किंवा बाजूला फेकतो.

आता थोडं गणित. घाबरू नका, सोपं आहे. दर सेकंदाला १ लिटर हवा १ अंशाने तापली तर ती साधारण १.२ वॅट उष्णता घेऊन जाते. समजा तुमचा लॅपटॉप ३० वॅट उष्णता बाहेर टाकतोय आणि हवा १५ अंशांनी तापून बाहेर पडतेय. मग लागणारी हवा:

३० ÷ (१.२ × १५) = सुमारे १.७ लिटर प्रति सेकंद

पंख्यांच्या भाषेत हे साधारण ३.५ सीएफएम. बाजारातल्या ८० मिलिमीटरच्या साध्या पंख्यावर साधारण २० ते ३० सीएफएम लिहिलेलं असतं. म्हणजे मोठ्या पंख्यांची कमतरता ही अडचणच नाही! अडचण आहे ती लॅपटॉपच्या आतल्या अरुंद वाटेची आणि तळाच्या बंद झालेल्या जाळीची. लॅपटॉप गादीवर ठेवला आणि हवा निम्मी झाली, तर तीच ३० वॅट उष्णता नेताना हवा १५ ऐवजी ३० अंशांनी तापते.

तापमान मर्यादेपर्यंत पोचलं की प्रोसेसर स्वतःच वेग कमी करतो. याला थर्मल थ्रॉटलिंग म्हणतात. बऱ्याच इंटेल प्रोसेसरमध्ये ही मर्यादा १०० अंश सेल्सिअसच्या आसपास असते. लॅपटॉप जळत नाही, पण रेंगाळतो. शिवाय सतत गरम राहिल्याने लिथियम-आयन बॅटरीही लवकर म्हातारी होते. जुना लॅपटॉप अजून दोन वर्षं ओढायचा असेल, तर हा मुद्दा महत्त्वाचा.

## पहिली पायरी: हवा कुठून आत जाते ते पाहा

स्टँडचं चित्र काढण्याआधी पाच मिनिटांची एक चाचणी करा. टिश्यू पेपरची बोटभर रुंद पट्टी कापा. लॅपटॉपवर जड काम चालू करा म्हणजे पंखा जोरात फिरेल. मग पट्टी प्रत्येक जाळीजवळ धरा. पट्टी ओढली गेली तर तिथून हवा आत जाते, उडाली तर बाहेर येते. तळाच्या जाळीसाठी लॅपटॉप दोन पुस्तकांवर, कडांना आधार देऊन ठेवा. या व्हेंटच्या जागा कागदावर मोजमापासह उतरवून घ्या. हाच तुमच्या डिझाइनचा नकाशा.

इथे तीन शक्यता निघतात:

- तळातून हवा घेणारे लॅपटॉप: स्टँडचा सर्वात जास्त फायदा यांनाच.
- कीबोर्ड किंवा बिजागरीकडून हवा घेणारे: खालून पंखा लावून फारसा उपयोग नाही. इथे गरम हवा परत आत जाऊ नये याची काळजी घ्यायची.
- पंखाच नसलेले: उदाहरणार्थ, २०२० चा एम१ मॅकबुक एअर. यात उष्णता बॉडीतून बाहेर पडते, म्हणून संपूर्ण तळावरून हवा वाहती ठेवायची.

## दुसरी पायरी: आधी पंख्याशिवायचा स्टँड

माझा आग्रह आहे की पहिला नमुना पंख्याशिवाय बनवा. नुसता लॅपटॉप उचलून धरल्याने किती फरक पडतो, हे कळल्याशिवाय पंख्याचं श्रेय पंख्याला देता येत नाही.

उंची आणि कोन: १० ते १५ अंशांचा उतार टायपिंगला चालतो. लॅपटॉपची खोली २५ सेंटीमीटर धरली तर १२ अंशांच्या कोनात मागची बाजू सुमारे ५ सेंटीमीटर वर जाते. पुढची कडही दोन-तीन सेंटीमीटर उचला, नाहीतर पुढून हवा आत शिरणार नाही.

जाळी: वरच्या शीटला सुबक बारीक भोकं पाडण्याचा मोह आवरा. व्हेंटच्या खाली शक्य तितकी मोकळी जागा हवी. लॅपटॉपचे रबरी पाय टेकतील तेवढ्या पट्ट्या ठेवून मधला भाग सरळ कापून टाकला तरी चालेल.

मटेरियल: 'अ‍ॅल्युमिनियम घेतलं की लॅपटॉप थंड राहतो' असा समज आहे. अ‍ॅल्युमिनियममधून उष्णता अ‍ॅक्रिलिकच्या सुमारे हजारपट सहज वाहते हे खरं. पण लॅपटॉप रबरी पायांवर उभा असतो, तळ आणि पत्रा यांच्यात हवेचा थर राहतो, त्यामुळे त्या गुणाचा उपयोग फारच थोडा होतो. एमडीएफ, प्लायवुड, अ‍ॅक्रिलिक, काहीही घ्या, फक्त मजबूत हवं. थ्रीडी प्रिंट करणार असाल तर गरम हवेच्या झोताजवळ पीएलए नको, ते ६० अंशांच्या आसपास मऊ पडू लागतं. तिथे पीईटीजी बरं.

आडोसा: मागून बाहेर पडलेली गरम हवा वळसा घालून पुन्हा तळाखाली शिरते आणि पंखा तीच ओढतो. स्टँडच्या मागच्या बाजूला एक उभी पट्टी लावली की हा शॉर्टकट बंद होतो. बाहेर पडणाऱ्या हवेच्या तोंडावर मात्र ती येता कामा नये.

## तिसरी पायरी: पंखा, पण मोजून

आता नकाशा काढा आणि पंखा बरोबर आत घेणाऱ्या व्हेंटखाली बसवा. हवा वरच्या दिशेने जायला हवी. पंख्याच्या चौकटीवर बाण असेल तर तो पाहा. नसेल तर सहसा ज्या बाजूला मोटर धरून ठेवणाऱ्या काड्या असतात, त्या बाजूने हवा बाहेर पडते. उलटा बसवलात तर तुमचा पंखा आणि लॅपटॉपचा पंखा यांची रस्सीखेच सुरू होईल.

पंखा आणि तळ यांच्यात फट असेल तर बरीचशी हवा आजूबाजूला पळून जाते. दारं-खिडक्यांना लावतात ती फोमची पट्टी व्हेंटभोवती चौकोनात लावा. दोन पैशांची ही पट्टी जास्तीच्या दोन पंख्यांपेक्षा जास्त काम करू शकते.

विजेचा हिशोब विसरू नका. यूएसबी २.० पोर्ट ५ व्होल्टला ५०० मिलीअँपिअर, म्हणजे २.५ वॅट देतो. यूएसबी ३.० पोर्ट ९०० मिलीअँपिअर, म्हणजे ४.५ वॅट. सगळ्या पंख्यांचा मिळून प्रवाह या मर्यादेच्या बऱ्यापैकी आत ठेवा, कारण सुरू होताना पंखा जास्त प्रवाह ओढतो. मोबाइलच्या चार्जरवर चालवलंत तर लॅपटॉपवर बोजाच नाही. जुन्या कॅबिनेटमधला १२ व्होल्टचा पंखा ५ व्होल्टवर हळू फिरतो किंवा सुरूच होत नाही, म्हणून लेबल वाचून ५ व्होल्टचाच घ्या. पुण्यात तपकीर गल्ली किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला हे सगळं सामान एका फेरीत मिळतं.

## चौथी पायरी: 'स्मार्ट' करायचं असेल तर

बरेच जण आर्डुइनो लावून 'तापमान ३८ अंश झालं की पंखा सुरू' असा प्रोग्रॅम लिहितात. पुण्यात डिसेंबरमध्ये हे चालेल. पण मे महिन्यात नागपूर-अकोल्याकडे खोलीतच ४० अंश असतात, मग पंखा बंद कधी होणार?

म्हणून एकाऐवजी दोन सेन्सर वापरा. एक बाहेर पडणाऱ्या हवेत, दुसरा खोलीच्या हवेत, लॅपटॉपपासून दूर. निर्णय दोघांच्या फरकावर घ्या. डीएस१८बी२० सेन्सर यासाठी सोयीचा: -१० ते ८५ अंशांच्या पट्ट्यात अचूकता अर्ध्या अंशाची, आणि एकाच वायरवर दोन्ही जोडता येतात. ४.७ किलोओहमचा एक पुल-अप रेझिस्टर मात्र हवाच.

सुरू आणि बंद होण्याचे आकडे वेगळे ठेवा. उदाहरणार्थ, फरक १२ अंश झाला की सुरू आणि ८ च्या खाली आला की बंद. एकच आकडा ठेवला तर पंखा दर काही सेकंदांनी चालू-बंद करत बसेल. हे आकडे शेवटी तुमच्या लॅपटॉपवर मोजूनच ठरवा. आर्डुइनोच्या पिनवरून पंखा थेट चालवू नका. लॉजिक लेव्हल मॉसफेट वापरा आणि पंख्याला समांतर एक डायोड उलटा लावा.

## पेल्टियर लावू का?

हा प्रश्न मला हमखास विचारला जातो. माझं उत्तर: नको. टीईसी१-१२७०६ हा नेहमीचा पेल्टियर १२ व्होल्टवर पूर्ण चालवला तर ५० वॅटच्या आसपास वीज सहज खातो आणि ती सगळी उष्णता त्याच्या गरम बाजूने बाहेर काढावी लागते. म्हणजे लॅपटॉप थंड करण्यासाठी दुसरा, कदाचित जास्त तापणारा लॅपटॉप शेजारी ठेवल्यासारखं झालं.

त्याहून मोठा धोका पाण्याचा. पावसाळ्यात मुंबईत २८ अंश तापमान आणि ८५ टक्के आर्द्रता असेल, तर दवबिंदू २५ अंशांच्या आसपास येतो. पृष्ठभाग केवळ तीन अंशांनी थंड झाला की त्यावर पाण्याचे थेंब जमायला लागतात, आणि वर लॅपटॉपचा मदरबोर्ड! साध्या पंख्याला हा धोका नाही, कारण तो हवा खोलीच्या तापमानाखाली नेऊच शकत नाही.

## पाचवी पायरी: मोजमाप, इथेच मार्क आहेत

चाचणीआधी लॅपटॉप आतून साफ करून घ्या. नाहीतर फरक स्टँडचा की धूळ काढण्याचा, हे कळणार नाही. मग तीन स्थितींत मोजा:

१. लॅपटॉप सपाट टेबलावर
२. स्टँडवर, पंखा बंद
३. स्टँडवर, पंखा सुरू

प्रत्येक वेळी तोच लोड द्या. सिनेबेंच आर२३ ची १० मिनिटांची चाचणी यासाठी उत्तम. दोन चाचण्यांमध्ये अर्धा तास थांबा. चार्जर प्रत्येक वेळी जोडलेला, पॉवर मोड तोच, खोलीतला पंखा एकतर कायम चालू किंवा कायम बंद. प्रत्येक स्थिती निदान तीनदा मोजा आणि सरासरी काढा. रीडिंगसाठी विंडोजवर एचडब्ल्यूइन्फो, लिनक्सवर एलएम-सेन्सर्स.

तक्त्यात चार रकाने ठेवा: खोलीचं तापमान, प्रोसेसरचं तापमान, दोघांतला फरक, आणि प्रोसेसरचा सरासरी वेग. खोली १० अंशांनी तापली तर, पंख्याचा वेग आणि लोड तोच असताना, प्रोसेसरही साधारण तेवढाच तापतो. म्हणून सकाळचं रीडिंग दुपारच्या रीडिंगशी थेट ताडून पाहण्यात अर्थ नाही. फरक ताडून पाहा.

वेगाचा रकाना का? समजा टेबलावर तापमान ९६ अंश आणि वेग २.४ गिगाहर्ट्झ होता, आणि स्टँडवर ९५ अंश आणि २.८ गिगाहर्ट्झ. तापमान बघून कोणीही म्हणेल, 'एकच अंश? प्रोजेक्ट फसला.' खरं तर वेग जवळजवळ १७ टक्क्यांनी वाढला. मिळालेली थंड हवा प्रोसेसरने जास्त काम करण्यात वापरली आणि पुन्हा मर्यादेजवळ पोचला. तापमान एकटं बघितलं तर चांगला स्टँडही नापास दिसतो.

## व्हायवाला जाताना

तीन प्रश्नांची तयारी ठेवा: पंखा इथेच का लावला? त्याने किती फरक पडला आणि नुसत्या स्टँडने किती? हे कुठे चालणार नाही? पहिल्याला टिश्यूच्या चाचणीचा नकाशा दाखवा, दुसऱ्याला तक्ता. तिसऱ्याचं उत्तर स्पष्ट द्या: वाळलेली थर्मल पेस्ट, आत अडकलेली धूळ किंवा बंद पडलेला आतला पंखा यावर कोणताही स्टँड उपाय नाही, आणि खोलीच्या हवेपेक्षा थंड हवा तो देऊ शकत नाही.

आणि पंख्याशिवायच्या स्टँडनेच बहुतेक फायदा मिळाला असं तुमच्या तक्त्यात दिसलं, तर ते लपवू नका. कमी खर्चात, आवाज न करता आणि वीज न खाता काम होतं हे आकड्यांनी दाखवणं, हाही या प्रोजेक्टचा चांगला निष्कर्ष आहे.