बंद कॉलेजचं बिल

कॉलेजात वीज वाचवायची म्हटलं की संस्थेची नजर आधी गच्चीवर जाते. सोलर बसवू, उद्घाटन करू, नॅकच्या अहवालात फोटो लावू. कोल्हापुरात पदार्थविज्ञान शिकवण्यात माझी हयात चालली आहे. माझं म्हणणं एवढंच, की गच्चीवर चढायच्या आधी रविवारी मीटर बघा. वर्गांना कुलपं असताना आकडा पुढं का सरकतो?

एका सुट्टीच्या दिवशी पोरं आणि आमचे वायरमन मामा वायरीतला करंट मोजणारा टाँग टेस्टर घेऊन बोर्डाबोर्डावर फिरले. रिकाम्या कॉरिडॉरमधले वॉटर कूलर पाणी गार करत बसले होते. कॉम्प्युटर लॅबचा यूपीएस चालू, झेरॉक्स मशीन चालू. गच्चीवरच्या टाकीचा बॉलकॉक गेलेला, त्यामुळं पाणी वाहतंय आणि खाली पंप धावतोय. कूलर रात्री बंद का ठेवत नाही, असं विचारल्यावर मामा म्हणाले, "सर, सकाळी पाणी कोमट लागलं तर पोरं माझ्या नावानं शिमगा करत्यात." मामांचं बरोबर होतं. म्हणून टायमर बसवला. कूलर रात्री आपोआप बंद होतो, कॉलेज भरायच्या आधी चालू होतो आणि शिमगाही टळतो.

दिवसाचा खर्च मात्र पंख्यांचा. जुना छताचा पंखा ७५ वॉटच्या आसपास ओढतो, नवा बीएलडीसी ३० वॉटच्या. शिवाय जुना डबा रेग्युलेटर असेल तर पंखा हळू केला तरी फारसं वाचत नाही, उरलेली वीज डब्यात उष्णता होऊन जाते. हात लावला की चटका बसतो, तो त्याचाच. आठ पंख्यांचा वर्ग रोज आठ तास, वर्षाला २०० दिवस चालला, तर पंखे बदलल्यावर ५७६ युनिट वाचतात. आपल्या देशातली बहुतेक वीज अजून कोळशाची. एका युनिटमागं सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड धरला, तर एका वर्गामागं वर्षाला ४०० किलो वाचतो. सगळे पंखे एकदम बदलायला पैसे नसतील तर जिथं तास जास्त होतात ते वर्ग आधी घ्यावेत. सेमिनार हॉलचा नंबर सगळ्यात शेवटी, जरी पाहुणे तिथंच बसत असले तरी.

पाणी म्हणजेही वीजच, हे कोल्हापूरकराला वेगळं सांगायला नको. हजार लिटर पाणी शंभर मीटर वर चढवायला, पंपात वाया जाणारी ऊर्जा धरून, अर्धा युनिट जातो. शिवाजी विद्यापीठ १९६२ साली स्थापन झालं. त्याचा परिसर ८५३ एकरांचा. माळावर पडणारा पाऊस तिथं तलावांत आणि विहिरींत अडवला जातो, म्हणजे लांबून उपसून आणायचं पाणी तेवढं कमी. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात शहराची उपसा केंद्रं पाण्याखाली गेली आणि नळ कोरडे पडले, तेव्हा याच आवारातून शहराला पाणी मिळालं. पाऊस अडवून वीज वाचवण्याचा हा प्रकार मला सोलरपेक्षा जास्त आवडतो.

सोलर नकोच, असं नाही. एक किलोवॉटचं पॅनेल वर्षाच्या सरासरीनं दिवसाला चारेक युनिट देतं आणि कॉलेज भरतंही उन्हातच. अडचण अशी, की ऊन तापतं मे महिन्यात, तेव्हा सुट्टी असते. कॉलेज भरतं जुलैत, तेव्हा कोल्हापुरात सूर्याचं दर्शन दुर्मिळ. नेट मीटरिंग आहे म्हणून हा हिशेब जुळतो. पण वाया जाणारा भार आधी काढला तर पॅनेलही कमी लागतात.

आता बिलात न दिसणारी गोष्ट. आमचं पार्किंग. कागलच्या पलीकडून येणारा पोरगा येऊन-जाऊन ४० किलोमीटर गाडी मारतो. लिटरला पन्नासचं ॲव्हरेज धरलं तर पाऊण लिटरहून थोडं जास्त पेट्रोल. एक लिटर जळालं की २.३ किलो कार्बन डायऑक्साइड. म्हणजे वर्गातले आठ पंखे बदलून आम्ही दिवसभरात जेवढा वाचवला, जवळपास तेवढा या एकट्या पोराच्या गाडीनं हवेत सोडला. तो पेट्रोलचे पैसे घरून आणतो, म्हणून कॉलेजला त्याचं काही वाटत नाही.

त्याला गाडी का आणतोस म्हणून विचारलं. सवलतीचा पास काढलाय म्हणाला, पण शेवटचं प्रॅक्टिकल सुटतं तेव्हा गावची एसटी नुकतीच गेलेली असते, पुढची तासाभरानं. मी प्रॅक्टिकलची वेळ वीस मिनिटं अलीकडं घ्या, असा अर्ज दिला. त्यावर मला सांगण्यात आलं, की वेळापत्रकाला हात लावणं अवघड आहे. त्यापेक्षा सोलरचं कोटेशन आणा, ते लगेच मंजूर होईल.