माशांतील मायावरण

रंग, आकार व हालचाल यांद्वारे परिसराशी एकरूप होऊन भक्षकाच्या किंवा भक्ष्याच्या नजरेतून सुटण्याच्या माशांच्या क्षमतेस मायावरण म्हणतात.

समशीतोष्ण समुद्रांतील केल्प या मोठ्या तपकिरी शैवलांच्या दाटीत याची ठळक उदाहरणे आढळतात. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यालगत राहणाऱ्या हेटेरोस्टिकस रॉस्ट्रॅटस या केल्पमत्स्याचे शरीर केल्पच्या पात्यासारखे लांबट व चपटे असते. त्याचा रंग शैवलाप्रमाणे तपकिरी, हिरवा किंवा तांबूस असून पाण्याच्या हेलकाव्यांबरोबर तो पात्यांसारखाच झुलतो. माशांच्या त्वचेत रंजकद्रव्ययुक्त कोशिका असतात. त्यांतील रंजककण पसरले अथवा एकवटले, की शरीराची छटा गडद किंवा फिकी होते.

केल्पला थंड, पोषकद्रव्यांनी समृद्ध पाणी लागते. त्यामुळे महाराष्ट्राच्या उष्ण किनाऱ्यावर त्याची वने नाहीत. तथापि मायावरणाचे हेच तत्त्व राज्यातील नद्यांच्या दगडगोट्यांतही दिसून येते. गडचिरोली जिल्ह्याच्या एटापल्ली तालुक्यातील वनप्रदेशातून वाहणाऱ्या बांडे नदीचे पाणी इंद्रावतीमार्गे गोदावरीस मिळते. गोदावरीच्या खोऱ्यातील वाम हा सर्पाकृती मासा दिवसा दगडांखाली किंवा वाळूत दडून राहतो व रात्री भक्ष्य शोधतो. त्याच्या अंगावरील नागमोडी तपकिरी नक्षीमुळे शरीराची बाह्यरेषा पुसट होते. तळाशी राहणाऱ्या लहानशा मुरे माशाच्या अंगावर गडद पट्टे असल्याने तो गोट्यांत मिसळून जातो. त्याच्या शेपटीच्या बुडाशी असलेला डोळ्यासारखा काळा ठिपका शत्रूचे लक्ष डोक्याकडून दुसरीकडे वळवीत असावा, असे मानतात. कर्नल साइक्स यांनी 1839 मध्ये या माशाचे वर्णन करताना त्याचे मराठी नावच ‘मूरेह’ या रूपात जातिनाम म्हणून योजिले.

मायावरण हा माशाचा एकट्याचा गुण नसून मासा व त्याची पार्श्वभूमी यांच्यातील मेळ आहे. धुपलेली माती प्रवाहात आल्यास गोट्यांमधील फटी बुजतात, तळ एकरंगी होतो आणि लपविणारी नक्षीच उठून दिसू लागते. सुरजागडसारख्या लोहखनिजयुक्त टेकड्या असलेल्या एटापल्ली तालुक्यात वनाचे आच्छादन राखणे व खाणीतील माती ओढ्यांत जाऊ न देणे हे म्हणूनच महत्त्वाचे ठरते. अशा माशांचे रक्षण म्हणजे मुख्यतः त्यांच्या नदीतळाचे रक्षण होय.