परदेशची नोकरी, मध्यस्थ आणि गहाण शेत

धानाच्या रोवणीचे दिवस आले म्हणजे रामटेकच्या आसमंतांत बांधीबांधींतून एकच प्रश्न ऐकूं येतो: मजूर कोठून आणावे? अशा वेळीं आपण टोळीच्या मुकादमास गांठतों, एकराचा गुत्ता ठरवितों आणि माणसें जमविल्याबद्दल त्याला जें द्यावयाचें तें आपल्या पदरचें देतों. हा व्यवहार इतका अंगवळणी पडला आहे कीं, त्यांतील तत्त्व आपण बोलूनहि दाखवीत नाहीं. तें तत्त्व असें कीं, ज्याला माणसाची गरज, त्यानें माणूस शोधण्याचा खर्च सोसावा. परंतु तोच शेतकरी आपल्या मुलास परदेशीं नोकरीस धाडूं लागला म्हणजे हें तत्त्व उलटें होतें. गरज असते परदेशच्या कारखानदाराची किंवा मळेवाल्याची, आणि मध्यस्थाची थैली भरतो येथील बाप. तीहि पुष्कळदां शेत गहाण टाकून. या उलट्या व्यवहाराचा विचार आमच्या वाचकांनीं कागदावर सही करण्यापूर्वीं करावा, म्हणून हा लेख लिहीत आहों.

मध्यस्थामार्फत परमुलखीं माणसें नेण्याची रीत आजची नव्हे. इंग्रजी साम्राज्यांत गुलामगिरी बंद झाल्यावर उंसाच्या मळ्यांस मजूर हवे झाले. ता. २ नोव्हेंबर १८३४ रोजीं ‘अ‍ॅटलास’ नांवाचें जहाज ३६ हिंदी मजूर घेऊन मॉरिशसच्या पोर्ट लुई बंदरांत पोंचलें. पुढें मुंबई बंदरांतूनहि माणसें गेलीं. रत्नागिरीच्या बाजूचीं कित्येक कुळें त्यांत होतीं आणि त्यांचे मराठी वंशज आजहि त्या बेटावर आहेत. ज्या घाटावर हे लोक उतरले, तो आप्रवासी घाट २००६ सालीं जागतिक वारसा म्हणून नोंदला गेला. या मजुरांचा करार सामान्यतः पांच वर्षांचा असे. ‘अ‍ॅग्रीमेंट’ या शब्दाचें आपल्या लोकांच्या तोंडीं ‘गिरमिट’ झालें. पुरुषाचा पगार दरमहा सुमारें पांच रुपये.

या व्यापारांत माणसें जमविणारा दलाल डोईमागें दाम घेई. जितकीं डोकीं अधिक तितकी त्याची मिळकत अधिक. म्हणून मुलूख किती दूर, काम किती कठीण, परत येणें केव्हां, हें खरें सांगण्यांत त्याचा कांहींच लाभ नव्हता. फसवणुकीचा बोभाटा इतका झाला कीं, १८३९ सालीं सरकारला ही भरती बंद करावी लागली. १८४२ सालीं मॉरिशसपुरती ती पुनः सुरू झाली, ती बंदरावर सरकारी संरक्षक नेमून. येथें एक गोष्ट ध्यानांत घेण्यासारखी आहे. त्या काळीं दलालाचा खर्च मळेवालाच देत असे, तरीहि मजूर नाडला गेला. कारण करार त्याला कळलेला नसे आणि काम सोडल्यास फौजदारी शिक्षा होई. म्हणजे पैसा कोणी द्यावा एवढें ठरून भागत नाहीं. करार मजुरास समजला पाहिजे आणि तो सोडण्याची मोकळीकहि त्यास पाहिजे.

ही पद्धति मोडण्याच्या कामीं रत्नागिरी जिल्ह्यांतच जन्मलेले गोपाळ कृष्ण गोखले अग्रेसर होते. १९१० सालीं त्यांनीं कायदे कौन्सिलांत नाताळला मजूर धाडणें बंद करण्याचा ठराव मांडला आणि १९११ पासून ती भरती थांबली. ता. ४ मार्च १९१२ रोजीं त्यांनीं सर्वच गिरमिट पद्धति बंद करावी असा ठराव आणला. तो फेटाळला गेला. तथापि लोकमत तापत गेलें आणि १९१७ सालीं ही भरती थांबविण्यांत आली. गोखले तें पाहावयास राहिले नव्हते.

कायद्यानें गिरमिटाची बेडी तुटली, पण तिच्या जागीं कर्जाची बेडी घालतां येते. ती कशी, हें हिशोबानेंच पाहूं. समजा, मध्यस्थानें तीन लक्ष रुपये मागितले आणि बापानें ते शेकडा दरमहा दोन रुपये व्याजानें उभे केले. मुलाचा करार दोन वर्षांचा असून खाऊनपिऊन तो दरमहा पंधरा हजार रुपये घरीं पाठवितो असें धरूं. पहिल्या महिन्यांत सहा हजार व्याजांत जातात आणि मुद्दलांत नऊच हजार पडतात. या गतीनें कर्ज फिटावयास सुमारें २६ महिने लागतात. करार तर २४ महिन्यांचाच. म्हणजे एक दिवसहि न आजारतां, पगाराचा एक पैसाहि न बुडतां मुलगा दोन वर्षें राबला, तरी घरीं परततांना कर्ज शिल्लक आणि हात रिकामे. शिवाय, ज्याच्या बापाचें शेत गहाण आहे तो मुलगा धन्यानें मारझोड केली तरी काम सोडून परत येत नाहीं. त्याला अडकवून ठेवण्यास दुसऱ्या तुरुंगाची जरूर उरत नाहीं.

आतां कायदा काय सांगतो तें पाहूं. १९८३ च्या उत्प्रवास कायद्याप्रमाणें सरकारी नोंदणीचा दाखला असल्यावांचून कोणासहि परदेशच्या नोकरीसाठीं भरती करतां येत नाहीं. नोंदलेल्या मध्यस्थानें उमेदवाराकडून जास्तींत जास्त तीस हजार रुपये व त्यावर शेकडा १८ प्रमाणें कर, म्हणजे एकूण ३५,४०० रुपयेच घ्यावे, आणि त्याची पावती द्यावी. वरच्याच हिशोबानें ही रक्कम तीन महिन्यांच्या आंत फिटते. तीन लक्ष आणि पस्तीस हजार यांमधील अंतर म्हणजेच आपलें गहाण पडणारें शेत होय. जो दहावी उत्तीर्ण नाहीं, त्याला आखाती राज्यें, मलेशिया वगैरे अठरा नेमलेल्या देशांत नोकरीस जाण्यापूर्वीं उत्प्रवासी संरक्षकाची परवानगी लागते. अशा कामगारास दहा लक्ष रुपयांचा अपघात विमाहि काढावा लागतो. ही परवानगी टाळण्यासाठीं कित्येक मध्यस्थ मुलास पाहुणा किंवा प्रवासी म्हणून विमानांत बसवितात. असा मनुष्य परमुलखांत उतरतांच बेकायदा ठरतो आणि दाद मागण्यास त्याला तोंड राहत नाहीं.

असें झाल्यावर काय होतें, याचे दाखले ताजे आहेत. २०२२ सालीं भारत सरकारला जाहीर इशारा द्यावा लागला कीं, थायलंडमध्यें संगणकाची उत्तम नोकरी म्हणून नेलेल्या तरुणांस म्यानमारांत पोंचवून त्यांच्याकडून फसवेगिरीचीं कामें करवून घेतलीं जातात. जून २०२४ मध्यें इटलीच्या लातिना प्रांतांत एका भारतीय शेतमजुराचा हात यंत्रांत सांपडून तुटला. त्याला रुग्णालयांत नेण्याऐवजीं घरापाशीं टाकून देण्यांत आलें व पुढें तो मरण पावला. त्याच्यापाशीं रीतसर करार नव्हता. त्या देशांतहि शेतावर माणसें पुरविणाऱ्या मुकादमांची जुनी चाल आहे आणि तिला आळा घालण्यासाठीं २०१६ सालीं कडक कायदाहि झालेला होता. परंतु ज्याची कागदोपत्रीं नोंदच नाहीं, त्याच्यापर्यंत चांगला कायदाहि पोंचत नाहीं.

सरळ वाट मुळींच नाहीं असें नव्हे. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या १९९७ च्या १८१ व्या करारांत, खासगी मध्यस्थानें कामगाराकडून फी घेऊं नये, असें तत्त्व मांडलें आहे. २०२४ सालीं महाराष्ट्र शासनानें जर्मनीतील बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशीं कुशल माणसें पुरविण्याचा करार केला. दोन सरकारें समोरासमोर बसून बोलतात, तेव्हां मधल्या दलालाची जागा आपोआप अरुंद होते.

म्हणून आमची शिफारस अशी. मध्यस्थाचा नोंदणी क्रमांक मागावा आणि तो परराष्ट्र मंत्रालयाच्या ‘ई-मायग्रेट’ या संकेतस्थळावर स्वतः ताडून पाहावा. नोंदलेल्या मध्यस्थाचें नांव सांगून फिरणारा पोटदलाल म्हणजे नोंदलेला मध्यस्थ नव्हे. नोकरीचा करार मुलाला कळेल अशा भाषेंत वाचून घ्यावा व पगार, कामाचे तास, राहण्याची सोय आणि परतीचें भाडें हीं चार कलमें त्यांत आहेत कीं नाहींत तें पाहावें. व्हिसा कामाचा आहे कीं पाहुण्याचा, याची खात्री केल्यावांचून निघूं नये. पावतीशिवाय रुपया देऊं नये. पारपत्राची व कराराची एक प्रत घरीं ठेवावी. शंका आल्यास १८००-११-३०९० या सरकारी क्रमांकावर विचारावें. तेथें विचारण्यास पैसा पडत नाहीं. आणि मुख्य म्हणजे, ज्या रकमेसाठीं सातबारावर बोजा चढवावा लागेल, ती रक्कम मागणारा मनुष्य आपल्या मुलाचें हित पाहत नाहीं, एवढें निश्चित समजावें.

शेवटीं एक शब्द आपल्या स्वतःविषयीं. आपल्या बांधींत रोवणीस येणारी टोळीहि कोणाच्या तरी घरून आलेली असते आणि तिच्या मुकादमानेंहि त्यांना कांहीं उचल देऊन बांधलेलें असूं शकतें. ठरलेली मजुरी मजुराच्या हातांत पडते कीं वाटेंतच अडते, हें विचारण्याचा अधिकार मालकास आहे आणि तें त्याचें कर्तव्यहि आहे. परदेशच्या धन्यानें आपल्या मुलाशीं जसें वागावें असें आपल्याला वाटतें, तसें आपण दुसऱ्याच्या मुलाशीं वागावें, हें न्यायाला धरून होईल.