कॅमेरा हाती घ्या, पण आधी हिशेब मागा!

दिवाळे हे नवी मुंबईतील खाडीकाठचे जुने गाव. बेलापूरचा किल्ला आणि महापालिकेचे टोलेजंग मुख्यालय येथून हाकेच्या अंतरावर आहे. १९७० साली सिडको स्थापन झाली. त्यानंतर या पट्ट्यातील गावांच्या जमिनी शहराला गेल्या, खाडीत भराव पडले आणि मासळीवर जगणाऱ्या कोळी समाजाच्या पुढच्या पिढीपुढे ‘आता करायचे काय?’ हा प्रश्न उभा राहिला. मराठवाड्यातून, विदर्भातून पोटासाठी आलेला आमचा बौद्ध समाज याच शहराच्या वस्त्यांत राहतो. त्याच्या मुलांपुढेही हाच प्रश्न आहे.

परवा या दोन घरांतली दोन मुले आम्हाला भेटली. एक दिवाळे कोळीवाड्यातला, दुसरा जवळच्याच वस्तीतल्या बौद्ध कुटुंबातला. दोघेही बारावी झालेले, एकमेकांचे मित्र. लग्नाच्या हंगामात फोटोग्राफरच्या हाताखाली लाईट धरायला रोजावर जातात. हळदीच्या रात्री पहाटेपर्यंत उभे राहतात. हातात कॅमेरा मात्र कधी येत नाही. त्यांनी सोबत एका खाजगी फोटोग्राफी क्लासचे माहितीपत्रक आणले होते. कोर्स एक वर्षाचा, शुल्क लाखाच्या वर, कॅमेरा ज्याचा त्याने आणायचा आणि वर जाड अक्षरांत ‘१०० टक्के कामाची हमी’! एकाची आई मासळी विकते. ती माऊली पाटल्या गहाण ठेवायला निघाली आहे. दुसऱ्याचे वडील ठेकेदाराकडे सफाई कामगार आहेत. ते पतपेढीचे कर्ज काढण्याच्या बेतात आहेत. मुलांनी आम्हाला एवढेच विचारले, ‘सर, पैसे भरायचे का?’

आम्ही त्यांना हो म्हटले नाही आणि नाहीही म्हटले नाही. तीन प्रश्न कागदावर लिहून दिले आणि क्लासच्या कार्यालयात पाठवले. पहिला प्रश्न, गेल्या वर्षी किती मुलांनी प्रवेश घेतला आणि किती जणांनी कोर्स पूर्ण केला? दुसरा, पाच वर्षांपूर्वी बाहेर पडलेल्या मुलांपैकी आज किती जण याच कामावर घर चालवतात? तिसरा, या कोर्सला मान्यता कोणाची आणि शासनाची शिष्यवृत्ती मिळते काय?

मुले परत आली. पहिल्या प्रश्नाला उत्तर मिळाले, ‘जागा भरत आल्या आहेत, लवकर ठरवा.’ दुसऱ्या प्रश्नाला भिंतीवरचे दोन-तीन यशस्वी विद्यार्थ्यांचे फोटो दाखवण्यात आले. तिसऱ्याला उत्तर होते, ‘आमच्याकडे सरकारी भानगड नाही.’ म्हणजे तीन प्रश्न विचारले आणि आकडा एकही मिळाला नाही. शुल्काचा आकडा तेवढा पक्का होता.

काही समाजबांधव म्हणतील, पोरांना शिकायचे आहे, तुम्ही कशाला खोडा घालता? आम्ही खोडा घालत नाही. शाळेला आकडे विचारण्याची ही रीत आम्हाला बाबासाहेबांनीच शिकवली आहे. त्यासाठी थोडा इतिहास पाहू.

मुंबईत फोटोग्राफीचा वर्ग आजचा नाही. १८५४ साली मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी निघाली आणि पुढच्याच वर्षी, १८५५ साली, एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये फोटोग्राफी शिकवण्याचा वर्ग सुरू झाला. सुरुवातीला चाळीसच्या आसपास विद्यार्थी होते. पुढे ही संख्या घटली. पण त्या छोट्या वर्गातून हरिश्चंद्र चिंतामण यांच्यासारखा माणूस बाहेर पडला. त्यांनी मुंबईत स्वतःचा स्टुडिओ थाटला आणि त्यांची गणना देशातल्या पहिल्या व्यावसायिक भारतीय छायाचित्रकारांत होते. कॅमेरा, काचा आणि रसायने विलायतेहून येत. ज्याच्या घरी पैसा आणि पाठीशी जात, त्यालाच ही विद्या परवडणारी होती.

आता त्याच काळातले दुसरे चित्र पाहा. जून १८५६ मध्ये धारवाडच्या एका महार मुलाने मुंबई सरकारकडे अर्ज केला. त्याची मागणी काय होती? फी भरतो, मला सरकारी शाळेत बसू द्या, एवढीच. सरकारने त्याला दार उघडून दिले नाही. म्हणजे मुंबईत सवर्णांची मुले काचेवर प्रतिमा उतरवायला शिकत होती, तेव्हा आमच्या मुलाला पाटीवर अक्षर उतरवण्याचीही परवानगी नव्हती!

हा धारवाडचा अर्ज बाबासाहेबांनी विस्मृतीत जाऊ दिला नाही. १९२८ साली बहिष्कृत हितकारिणी सभेच्या वतीने त्यांनी सायमन कमिशनला मुंबई इलाख्यातील अस्पृश्यांच्या शिक्षणाविषयी निवेदन दिले. त्यात हे प्रकरण आहे आणि आकड्यांचे तक्तेही आहेत. १८८१-८२ साली इलाख्यातील प्राथमिक शाळांत खालच्या जातींची मुले २,८६२ होती, म्हणजे शंभरात एकही पुरती भरत नव्हती. माध्यमिकच्या खालच्या वर्गांत ती १७ उरली. हायस्कुलात शून्य आणि कॉलेजातही शून्य. सरकार म्हणत होते, शाळा सर्वांसाठी आहेत. बाबासाहेबांनी विचारले, आत किती आले, पुढे किती गेले आणि शेवटी किती उरले? याच एल्फिन्स्टनच्या हायस्कुलातून बाबासाहेब १९०७ साली मॅट्रिक झाले होते. दार उघडे असणे आणि आत शिरता येणे यातला फरक त्यांना कोणी समजावून सांगण्याची गरज नव्हती.

आज फोटोग्राफीच्या शाळेच्या दारावर जातीची पाटी नाही. तेथे शुल्काची पाटी आहे. मग आमच्या मुलांनी शिकावे कोठे?

याचे उत्तर मान्यता या एका शब्दात आहे. भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती १९४४ पासून चालू आहे. अनुसूचित जातीच्या ज्या कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न अडीच लाखांपर्यंत आहे, त्याच्या मुलाला ती मिळते. विशेष मागास प्रवर्गातील कोळी मुलांसाठीही राज्याची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे. परंतु या योजना मान्यताप्राप्त संस्थेतील मान्यताप्राप्त अभ्यासक्रमालाच लागू होतात. गल्लीतल्या क्लासने छापलेल्या प्रमाणपत्राला त्या लागू नाहीत. म्हणजे गरिबाचा मुलगा मान्यता नसलेल्या क्लासला गेला की त्याचा हक्काचा पैसा शासनाकडेच राहतो आणि आईच्या पाटल्या सावकाराकडे जातात. हे साधे गणित आमच्या घराघरांत पोहोचलेले नाही, याचे आम्हाला दुःख आहे.

मान्यताप्राप्त वाटा आहेत. मुंबईच्या सर जे. जे. उपयोजित कला संस्थेत छायाचित्रण शिकवले जाते. २०२३ साली जे. जे. ला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. तेव्हा तेथील शुल्क आणि राखीव जागा यांवर आमच्या विद्यार्थी संघटनांनी डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवले पाहिजे. पदवीनंतर पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये तीन वर्षांचा सिनेमॅटोग्राफीचा अभ्यासक्रम आहे. पण तेथेही काय झाले ते आठवा. २०१३ नंतर दरवर्षी १० टक्के शुल्कवाढ होत गेली आणि डिसेंबर २०१९ मध्ये विद्यार्थ्यांना उपोषणाला बसावे लागले. सात वर्षांत वार्षिक शुल्क दुपटीहून अधिक झाले, असा हिशेब त्यांनी मांडला. सरकारी संस्थेची ही कथा असेल तर खाजगी क्लासला कोण विचारतो?

तिसरी वाट आयटीआयची. केंद्राच्या कारागीर प्रशिक्षण योजनेत ‘डिजिटल फोटोग्राफर’ हा एक वर्षाचा व्यवसाय आहे. नवी मुंबईच्या लोकप्रतिनिधींना आमचा सवाल आहे. हा व्यवसाय येथील मुलांना घराजवळच्या शासकीय आयटीआयमध्ये शिकता यावा, यासाठी तुम्ही काय केले? रोषणाईला पैसा आहे, मग वीस मुलांच्या एका वर्गाला का नसावा?

आता शिकून पुढे काय, हेही खरे सांगितले पाहिजे. या धंद्यात पगाराची नोकरी थोडी आणि फिरते काम जास्त. मोबाईलने पासपोर्ट फोटोचे स्टुडिओ बसवले. जे काम उरले आहे ते लग्नाचे, समारंभाचे, ऑनलाईन विकायच्या मालाच्या फोटोंचे आणि बातमीच्या व्हिडिओचे आहे. आगरी-कोळी लग्नात हळदीपासून अल्बमपर्यंत फोटोवर किती खर्च होतो, हे दिवाळ्यात कोणालाही विचारा. तो पैसा बाहेरचा फोटोग्राफर घेऊन जातो आणि गावचा मुलगा लाईट धरून रोज घेतो. आता ड्रोनचे आमिषही दाखवले जाते. पण २०२१ च्या ड्रोन नियमांनुसार विमानतळाभोवती परवानगीशिवाय ड्रोन उडवता येत नाही आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये उद्घाटन झालेले नवी मुंबईचे विमानतळ येथून जवळच आहे. ड्रोनचे जादा शुल्क घेणाऱ्याने हे आधी सांगितले पाहिजे.

तरीही आम्ही मुलांना हे शिका असेच सांगतो. त्याचे कारण पोटापुरते नाही.

पहिला कॅमेरा आला तेव्हा आमची माणसे कॅमेऱ्याच्या समोर उभी केली गेली. इंग्रज सरकारने १८६८ ते १८७५ या काळात ‘द पीपल ऑफ इंडिया’ या नावाचे आठ खंड काढले. त्यात जातीजमातींची माणसे नमुने म्हणून मांडली. कॅमेऱ्यामागे आमचा माणूस नव्हता. परिणाम काय झाला? आमची गरिबी दिसली, आमचे माणूसपण दिसले नाही. पुढे २९ सप्टेंबर २००६ रोजी खैरलांजीत भोतमांगे कुटुंबातील चौघांची हत्या झाली. मोठी वृत्तपत्रे कितीतरी दिवस गप्प होती. चळवळीच्या कार्यकर्त्यांनी मृतदेहांची छायाचित्रे लोकांपर्यंत नेली, तेव्हा हे क्रौर्य लपवता आले नाही. १९२० साली बाबासाहेबांनी ‘मूकनायक’ काढला, कारण आमचे दुःख दुसऱ्याची लेखणी लिहीत नव्हती. लेखणीला जे लागू, तेच कॅमेऱ्याला लागू.

ज्यांनी हे करून दाखवले ते लोक आपल्यासमोर आहेत. सुधारक ओलवे १९८८ पासून मुंबईत वृत्तपत्र छायाचित्रकार म्हणून काम करू लागले. महापालिकेच्या सफाई कामगारांचे जगणे त्यांनी वर्षानुवर्षे टिपले. कचऱ्यात उतरणारा आमचा बाप जगाला दिसला तो त्यांच्या कॅमेऱ्यातून. २०१६ साली त्यांना पद्मश्री मिळाली. तामिळनाडूत मदुराईचे पलनीकुमार यांची आई मासळी विकते. त्यांनी हाताने मैला साफ करणाऱ्या कामगारांवर काम केले, २०१७ च्या ‘कक्कूस’ या माहितीपटाचे छायाचित्रण केले, आणि पुढे श्रमिकांच्या मुलांना कॅमेरा शिकवला. दिवाळ्याच्या बाजारात टोपली घेऊन बसलेल्या माऊलीने हे जरूर ऐकावे. तिच्यासारख्याच एका आईचा मुलगा हे करू शकला. मात्र दोन नावे भिंतीवर लावून आम्हीही ‘१०० टक्के हमी’ दिली, तर त्या क्लासमध्ये आणि आमच्यात फरक काय राहिला? म्हणून आम्ही पुन्हा आकड्यांकडे येतो.

पैसे भरण्यापूर्वी तीन प्रश्न विचारा आणि उत्तर लेखी घ्या. प्रवेश किती आणि पूर्ण किती? पाच वर्षांनंतर या कामावर जगणारे किती? मान्यता कोणाची? शुल्क एकरकमी भरू नका, हप्ते मागा. मध्येच सोडले तर पैसे परत मिळतात काय, हे पावतीवर लिहून घ्या. जो उत्तर देत नाही, त्याच्या दारातून परत फिरा.

कॅमेरा पहिल्याच दिवशी घेऊ नका. बुद्ध विहाराच्या समितीने आणि कोळीवाड्याच्या मंडळाने मिळून दोन चांगले कॅमेरे घ्यावेत. आमच्या जयंतीच्या मिरवणुकीत डीजेवर जेवढा खर्च होतो, त्यातला थोडा बाजूला काढला तरी हे होईल. मुलांनी पाळीपाळीने शिकावे. जयंती आणि हळदी गावच्याच मुलांनी टिपावी. वर्षभर हात बसला, काम मिळू लागले, की मग स्वतःचा धंदा. त्यासाठी महात्मा फुले मागासवर्ग विकास महामंडळाची बीजभांडवल योजना आहे. पाच लाखांपर्यंतच्या प्रकल्पात बँकेचे ७५ टक्के, महामंडळाचे २० टक्के आणि अर्जदाराचे ५ टक्के, अशी तिची रचना आहे. अर्ज करा. अडवणूक झाली तर आम्हाला कळवा.

ऐरोलीत बाबासाहेबांचे स्मारक आहे. तेथे त्यांच्या जीवनप्रवासाची दुर्मिळ छायाचित्रे पाहायला मिळतात. त्या दोन मुलांना आम्ही सांगितले, एकदा तेथे जाऊन या. फोटो पाहताना तो टिपणारा कोठे उभा होता, उजेड कोणत्या बाजूने होता, याचा विचार करा. पहिला धडा तेथेच होईल आणि त्याला शुल्क नाही.

दोघांनी अजून क्लासचे पैसे भरलेले नाहीत. पाटल्या अजून घरीच आहेत. मुलांचा धीर मात्र फार दिवस टिकणार नाही. पुढच्या हंगामात ते पुन्हा लाईटच धरून उभे राहिले तर दोष क्लासवाल्याचा नसेल. तो आमचा, विहाराच्या समित्यांचा आणि या शहराच्या कारभाऱ्यांचा असेल.

जयभीम!